फोर्टमधला जुन्या कोर्टांचा वॉक: पैसे वसूल, पण जाहिरातीवर जाऊ नका

गेल्या रविवारी बाबांना घेऊन हा वॉक केला. माणशी ७०० रुपये. ग्रुपचं नाव लिहीत नाहीये कारण एक तक्रार आहे, ती खाली येतेच.

सकाळी साडेसातला टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जमलो. मला वाटलेलं सरळ हायकोर्टात नेतील, पण गाइड मुलगी म्हणाली आधी वाडा बघू. कुठला वाडा? तर टाउन हॉलच्या मागे आता जिथे नेव्हीचं आयएनएस आंग्रे आहे ना, तिथे पोर्तुगीज काळात मुंबई बेटाच्या जहागीरदाराचा वाडा होता. गावात पाटलाचा वाडा असतो तसा, फक्त इथे गाव म्हणजे आख्खी मुंबई! १५५४ च्या सुमारास हे बेट गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याला वार्षिक खंडाने दिलेलं, आणि या माणसाने लिहून ठेवलंय की मुंबईतल्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळं येतात. (तो आंबा आज असता तर क्रॉफर्ड मार्केटमध्ये काय भावाने गेला असता.)

मग आंदणाची गोष्ट, म्हणजे पोर्तुगीजांनी राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली ती. ती शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते, पण प्रत्यक्ष ताबा कसा दिला ते मला माहीतच नव्हतं. १८ फेब्रुवारी १६६५ ला याच वाड्यात, तेव्हा मालकीण होती दोना इग्नेझ द मिरांडा नावाची बाई, तिच्या घरात कागद झाला आणि हम्फ्री कुक या इंग्रजाने हातात इथली माती आणि दगड घेऊन बेट ताब्यात घेतलं. बाबांची सगळी नोकरी कोर्टात गेली, ते पटकन म्हणाले, "अगं, ही तर कब्जेपावती!" गाइडला शब्द इतका आवडला की तिने वहीत लिहून घेतला.

वाडा मात्र दिसत नाही. नेव्हीची हद्द, आत सोडत नाहीत, आपण भिंतीकडे बघत गोष्ट ऐकायची. तरी कंटाळा आला नाही, सांगणारीचं कौतुक.

पुढे १६७२ मध्ये गव्हर्नर ऑन्जियरने कोर्ट सुरू केलं ते पटकन उरकलं. रामा कामतीवर मात्र ती छान रमली. वाळकेश्वराच्या देवळासाठी पैसा खर्च करणारा श्रीमंत शेणवी, १७२० मध्ये कान्होजी आंग्र्यांना फितूर असल्याचा खटला, शिक्षा, कैदेतच मेला, आणि नंतर कळलं की पुराव्यातली पत्रं बनावट होती. आणि आता वाड्याच्या जागी असलेल्या नेव्हीच्या तळाला आंग्र्यांचंच नाव!

तिथून लायन गेटसमोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग, १८७९ मध्ये आत्ताच्या इमारतीत जाईपर्यंत हायकोर्ट तिथे भरायचं. आता बाहेरून बघून वाटतही नाही, पाट्या आणि वायरींचं जंगल नुसतं.

आता तक्रार. जाहिरातीत हायकोर्ट "आतून" लिहिलेलं, प्रत्यक्षात ओव्हल मैदानाच्या बाजूने लांबून दाखवलं. परमिशन मिळाली नाही म्हणे. अहो मग आदल्या दिवशी मेसेज टाका ना! १९०८ मध्ये टिळकांना जिथे सहा वर्षांची शिक्षा झाली ती खोली बघायला म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. पैसे परत मागितले तर "पुढच्या वॉकला डिस्काउंट".

५ पैकी साडेतीन, त्यातले तीन गाइडचे. ज्येष्ठांना नेणार असाल तर टाउन हॉलच्या ३० पायऱ्या आहेत, खालीच थांबवा, गाइड खाली येऊन परत सांगते.