घरोघरी कचरा उचल: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

जूनमध्ये आमच्या प्रभागात पालिकेने नव्याने कचरा उचल सुरू केली, तेव्हा दोन बादल्या घरपोच आल्या. ओल्याला हिरवी, सुक्याला निळी. ओला रोज, सुका बुधवार-शनिवार, रविवारी सुट्टी. पालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणालाही ती आपलीच वाटेल.

पहिला महिना झकास गेला. सव्वासातला शिटी, गाडीवर ड्रायव्हर, मागे दोघे. मी इतकी खूश, की गाडी आली की कालनिर्णयवर टिंब आणि नाही आली की फुली मारायला लागले. जूनभर टिंबंच. जुलैत दोन फुल्या, ऑगस्टात सात. आणि ऑगस्ट म्हणजे ३१ जुलैला मासेमारीबंदी उठून बांगडे घरात आलेले! पावसात, बंद बादलीत, दोन दिवस. शेवटी मी डोकी-शेपट्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवू लागले. एकदा नवऱ्याने तीच पिशवी 'तळायला ठेवलेत' म्हणून बाहेर काढली, त्यावरून आमच्याकडे अजून बोलणी चालू आहेत.

गणेशचवथीला सर्वात वाईट. गणपतीच्या वर बांधलेली फळा-भाज्यांची माटोळी उतरवली की प्रत्येक घरातून ओल्याचा ढीग निघतो. कामगारांनाही सण असतो, ते दोन दिवस गावी गेले तर माझी तक्रार नाही. पण चवथ काही अचानक येत नाही ना? पर्यायी गाडी, पर्यायी माणसं, काहीच ठरलेलं नव्हतं.

गाडी का येत नाही, तर उत्तर ठरलेलं: 'बाय, ड्रायव्हर ना आयज.' ड्रायव्हर असेल तर गाडी गॅरेजमध्ये. एका प्रभागाला एक गाडी, एक ड्रायव्हर. त्यातलं एक अडलं की अख्खी सकाळ अडली.

ऑक्टोबरपासून मागे एकच माणूस. एका बुधवारी मी फाटकात उभी राहून नीट बघितलं. गाडीत ओल्या-सुक्याचे दोन कप्पे आहेत, सुक्याच्या झाकणाची कडी तुटलेली, तारेने बांधलेली. तार सोडायला दोन हात लागतात, आणि त्याच्या दोन्ही हातांत बादल्या. ड्रायव्हर खाली उतरत नाही, मागे दुसरी गाडी हॉर्न देतेय. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या बांगड्यांवर पडल्या. मला राग आला, पण त्याचा नाही.

दुसरा गेला कुठे? डिसेंबरात घरपट्टी भरायला गेले तर भेटला. इस्त्रीचा शर्ट घालून पावत्यांवर शिक्का मारत होता. हजेरीपटावर तो अजून सफाई कामगारच, सकाळी अंगठा लावतो आणि आत खुर्चीवर बसतो. मला ओळखून हसला. त्याच्या जागी मी असते तर मीही खुर्चीच धरली असती. पण मुकादमांना विचारलं तर ते म्हणतात, 'माणसं कमी आहेत, वर लिहून दिलंय.' कमी असतीलही. आहेत ती गाडीवर किती, हे मात्र कुणी लिहून देत नाही.

वेगळं करण्याचा आग्रह काही माझा हट्ट नाही, २०१६ च्या घनकचरा नियमांनीच तो कचरा करणाऱ्या प्रत्येक घरावर टाकला. त्याच वर्षी साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला, आधी रोज १०० टनांचा, पुढे वाढवून २५० टनांचा. तिथे ओल्यापासून बायोगॅस आणि वीज करतात. घाण न लागलेलं प्लास्टिक विकता येतं, उरलेलं कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जळणाला जातं. पण दारात एकत्र झालेला कचरा तिकडे पुन्हा कुणीतरी निवडतो, आणि तोही कामगारच. मडगावची माझी मावसबहीण तर कचऱ्याचं नाव काढलं की मे २०१९ मधल्या, तिथल्या सोनसोडो कचरा डेपोच्या आगीचा धूरच सांगते.

चांगलंही सांगते. गाडी येते तेव्हा कोपऱ्यावर ढीग नसतो, कुत्रे कमी झालेत. एकटा कामगार असूनही शिटी वाजवल्याशिवाय तो पुढे जात नाही. जानेवारीत आम्ही बारा घरांनी सह्यांचं पत्र दिलं. त्यात 'माणसं वाढवा' लिहिलं नाही, दोनच गोष्टी मागितल्या: गाडीवर कोण जाणार त्याची नावं रोज फलकावर लावा, आणि कडी बदला. कडी आठवड्यात बदलली. फलक लागलाय, त्यावर अजून स्वच्छतेचं घोषवाक्यच आहे.

गुण द्यायचेच तर पाचपैकी अडीच. अडीचातले दोन त्या एकट्याचे.

नवीन राहायला येणाऱ्यांसाठी: बुधवारी सुका कचरा बादलीत नको, गोणीत भरून हातात धरा. त्याचा एक हात मोकळा राहतो. आणि फ्रीजरमधल्या पिशवीवर चिठ्ठी लावा.