एनएसई (नॅशनल स्टॉक एक्सचेंज, राष्ट्रीय शेअर बाजार) : एका किरकोळ गिऱ्हाइकाचा शेरा (पाचपैकी साडेतीन तारे)

शेअर बाजाराला कोणी तारे देतं का? मी देतो. साताऱ्यात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. अधूनमधून डिलिव्हरीत, म्हणजे खात्यात ठेवायला, पाच-दहा शेअर घेतो आणि दर सौद्याला एक्सचेंजचं शुल्क भरतो. रक्कम काही पैशांचीच असते, पण काँट्रॅक्ट नोटवर (ब्रोकरकडून येणाऱ्या सौद्याच्या पावतीवर) वेगळी छापून येते.

त्या पैशांत मिळतं काय? सोमवारी सव्वानऊ ते साडेतीनच्या दरम्यान ऑर्डर टाकली की संगणक आधी भाव बघतो. भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी, त्याचा नंबर आधी. मग तो मोठा फंड असो की मी. विकणारा गुवाहाटीचा की कोचीचा, हे मला कळत नाही आणि कळून करायचंय काय? मधे एनएसई क्लिअरिंग ही एनएसईचीच कंपनी उभी असते. माझ्यासाठी विकणारी तीच, त्याच्यासाठी घेणारीही तीच. समोरच्याने हात वर केले तरी ती जबाबदारी घेते. सुट्टी नसेल तर मंगळवारी शेअर डीमॅटला, म्हणजे माझ्या इलेक्ट्रॉनिक शेअर खात्यात. जानेवारी 2023 पासून सगळ्याच शेअर्सना हा टी प्लस वन (सौद्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी देणंघेणं पूर्ण) लागू आहे. आमचा ठोक व्यापारी आगाऊ पैसे घेऊनही इतक्या लवकर वह्या पाठवत नाही.

वडिलांच्या कपाटात कागदी सर्टिफिकेटं असायची. सही जुळली नाही की कागद परत, त्याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. 1994 मध्ये एनएसईने पडद्यावरचे सौदे सुरू केले, 1996 मध्ये शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी एनएसडीएल आली, आणि ती कटकट हळूहळू संपली.

शेजारचा मेडिकलवाला विचारतो, “तुम्ही शेअर घेतलात, कंपनीला काय मिळालं?” काही नाही. पैसे आधीच्या मालकाला गेले. कंपनीला मिळतात ते आयपीओत (पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तेव्हा) आणि राइट्समध्ये (जुन्या भागधारकांना नवे शेअर देते तेव्हा). पण पुढे विकता येणार नाही म्हटल्यावर आयपीओला अर्ज कोण भरेल? कारखान्याला वीस वर्षांसाठी भांडवल हवं, मला जूनमध्ये मुलीची फी भरायचीय. दोघांचं एकदम भागतं ते इथेच.

आता कापलेले तारे. 24 फेब्रुवारी 2021 ला सकाळीच सौदे बंद पडले ते पावणेचारला सुरू झाले. त्याचा अर्धा. पूर्ण एक तारा एफअँडओचा, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वायदे सौद्यांचा. बाजाराची नियामक संस्था सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 मध्ये त्यातले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्स तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांवर. गिऱ्हाईक बुडालं तरी शुल्क मिळतंच!

एक सोय फारशी कुणी वापरत नाही. एनएसईच्या साइटवर आपला अलीकडचा सौदा खरंच झाला का, हे फुकट तपासता येतं. काँट्रॅक्ट नोट हाताशी ठेवा, ऑर्डर नंबर आणि ट्रेड नंबर लागतो. ब्रोकरने परस्पर काही केलेलं दिसलं तर आधी त्याला लेखी कळवा, नाही ऐकलं तर तक्रारीसाठी सेबीचं स्कोअर्स पोर्टल आहे.