वेल्डर की मशिनिस्ट? आयटीआयचा फॉर्म भरण्याआधी

दहावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच: "पोराला वेल्डर ट्रेडला घालू की मशिनिस्टला?" भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मी दोन्ही कामं केली आहेत. आधी पाच वर्षं वेल्डिंगचा होल्डर धरला, मग लेथवर आलो, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत हत्याराने कापणाऱ्या मशीनवर. माझं सांगणं एकच असतं: पगाराचं नंतर बघू, आधी पोराला कुठल्या प्रकारची चूक सोसेल ते बघा.

वेल्डिंगमधली चूक आत लपते. वरून टाका, म्हणजे वेल्डिंगचा जोड, खवल्यांसारखा एकसारखा दिसतो आणि एक्स-रे काढला की कळतं, मुळाशी धातू एकजीव झालेलाच नाही. म्हणून शिकताना नजर आर्कवर, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटलेल्या विजेच्या झोतावर, ठेवायची नाही, वितळलेल्या रसावर ठेवायची. रस दोन्ही कडांना धरतोय का, एवढंच बघत राहायचं. रॉडचा कोन आणि हाताचा वेग जमला की वरचा स्लॅग, म्हणजे टाक्यावर जमलेली कडक साल, जवळजवळ आपसूक सुटतो, हातोडी जेमतेम लावावी लागते. आणि चुकलेला टाका ग्राइंडरने खरवडून पुन्हा भरता येतो.

लेथवर उलटं. चूक मापात लगेच दिसते, पण जास्त निघालेला धातू परत लावता येत नाही. माझा पहिला जबाबदारीचा जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) म्हणजे ४० मिमी व्यासाचा शाफ्ट, त्यावर बेअरिंग बसणार होतं. शेवटचा कट घेतला, जॉब गरम असतानाच मायक्रोमीटर लावला, माप तंतोतंत. जेवून आलो तर शाफ्ट मायक्रोमीटरचं एक घर बारीक, म्हणजे ०.०१ मिमी. पोलाद २५ अंशांनी थंड झालं की ४० मिमीमागे साधारण तेवढंच आकसतं. जॉब भंगारात गेला. तेव्हापासून थांबायला शिकलो. ज्याला असं थांबवत नाही त्याने या ट्रेडला येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रवेशाचं गणित सोपं आहे. वेल्डर एक वर्षाचा, आठवी पासही चालतो. मशिनिस्ट आणि टर्नर (खास लेथकामाचा ट्रेड) दोन वर्षांचे, त्यांना विज्ञान-गणितासह दहावी लागते. घरात लवकर पगार यायला हवा असेल तर वेल्डर बरा. पण दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. हा दरवाजा पालकांना बऱ्याचदा माहीतच नसतो.

पुढचं काम कुठे? चाकणच्या कार कारखान्यांत बॉडीचं स्पॉट वेल्डिंग रोबो करतात. बॉयलर आणि प्रेशर पाइपला मात्र हातच लागतो. तिथे सिक्स-जी परीक्षा द्यावी लागते: पाइप ४५ अंशांत बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. ती पास झालेल्या वेल्डरला काम शोधत हिंडावं लागत नाही. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, जॉब लावून नुसतं बटण दाबत राहिलात तर पगार अडकतो. सेटिंग, ऑफसेट, प्रोग्रॅम शिकलात तर वाट मोकळी होते.

शरीराचंही बघा. काच न लावता आर्क पाहिला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या धुराने ताप येतो. लेथवर फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ते हातासकट आत ओढले जातात.

गेल्या वर्षी भाच्याचा प्रश्न आला. गणितात काठावर पास, म्हणून ताई म्हणाली, वेल्डरच बरा. पण मी त्याला अंगणात सायकल उलटी करून चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढताना पाहिलं होतं. एकेक तार पाव फेरा आवळायची, चाक फिरवायचं, ब्रेकच्या रबराजवळची फट बघायची, पुन्हा पाव फेरा. तासभर मान वर नाही. लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, जॉब बांधून डायल गेजची सुई बघत आउट काढतात तो असाच. मी ताईला टर्नर सांगितलं.