आठ महिन्यांनंतर: कॉम्पॅक्टफ्लॅश-आयडीई अडॅप्टर आणि न जोडलेल्या दोन तारा

छापखान्यातल्या विंडोज एक्सपी संगणकाची 40 जीबीची हार्ड डिस्क घरघरू लागली आणि विनाइल कापणाऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेना, तेव्हा मी कॅमेऱ्याचे कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड आयडीई या जुन्या हार्ड डिस्क-जोडणीत बसवणारा 180 रुपयांचा हा अडॅप्टर घेऊन जुन्या कॅमेऱ्याचे पडून असलेले कार्ड डिस्कच्या जागी बसवले. आवाज नाही, उष्णता नाही, नव्या डिस्कचा खर्च नाही; पहिला महिनाभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे कौतुक ऐकवत होतो.

तक्रार एकच आहे, पण ती मला आठ महिने पुरली. मोठी फाइल कॉपी होऊ लागली की माऊसचा बाण अडखळे आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांना भिडे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलपुढे ‘पीआयओ मोड’ असे दिसले, म्हणजे कार्डावरून येणारा 16 बिटांचा प्रत्येक शब्द प्रोसेसर स्वतः उचलून मेमरीत ठेवत होता. 4 केबीसाठी 2,048 खेपा. डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता माहिती थेट मेमरीत नेण्याची पद्धत, चालू असता, तर प्रोसेसरने कुठून, कुठे आणि किती एवढे सांगून मोकळे व्हायचे आणि पुढची हमाली मदरबोर्डवरील आयडीई कंट्रोलरने करायची, अशी व्यवस्था असते.

आधी मी कार्डाला दोष दिला, मग केबलला. अल्ट्रा डीएमए या डीएमएच्या वेगवान प्रकारातल्या 66 आणि त्यापुढच्या वेगांना 80 तारांची केबल लागते म्हणून तीही आणली. ते पैसे त्या वेळी पाण्यात गेले. डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनेल काढून संगणक पुन्हा सुरू केला, तर तो बराच वेळ अडकून बसे आणि शेवटी पीआयओवरच येई. टाइम-आउट (वेळेत उत्तर न येणे) किंवा सीआरसीच्या (माहिती वाटेत बिघडल्याचे ओळखणारी तपासणी) सहा चुका जमल्या की एक्सपी वेगाची पायरी उतरवत जाते, हे कळल्यावर मी एक्सपीलाही बोल लावला. तो मात्र अन्याय होता.

अखेर मल्टिमीटर लावला. चाळीस पिनांच्या जोडणीतील 21 क्रमांकाची डीएमएची मागणी करणारी आणि 29 क्रमांकाची त्या मागणीला होकार देणारी, या दोन्ही पिना अडॅप्टरवर कुठेच जात नव्हत्या. कार्ड आपल्या ओळखपत्रात ‘मला डीएमए येते’ असे सांगे, एक्सपी त्यावर विश्वास ठेवून आज्ञा देई आणि जी मागणी पोहोचूच शकत नव्हती, तिची वाट पाहत राही. कार्डाच्या बाजूची होकाराची 44 क्रमांकाची पिन तर थेट विद्युतपुरवठ्याला बांधलेली होती, जे डीएमए नसलेल्या जुन्या कार्डांसाठी योग्यच असते.

त्या पिनेला विद्युतपुरवठ्याशी जोडणारी पट्टी कापून दोन बारीक तारा डाखल्यावर ‘अल्ट्रा डीएमए मोड 4’ आला, 80 तारांची केबल कामी आली आणि बाण अडखळायचा थांबला. विक्रेत्याने मात्र ‘वस्तू चालते’ म्हणून परतीचा अर्ज नाकारला होता. पाचपैकी तीन तारे देतो. न जोडलेल्या दोन तारांचे दोन वजा. डाखकाम येत नसेल, तर खरेदीपूर्वी 21 आणि 29 या पिनांपासून निघणाऱ्या रेषा छायाचित्रात शोधाव्यात.