हॅडन की हार्डविक?

इंग्लंडच्या डर्बिशायरमधली ही दोन्ही दगडी घरं, पण स्वभाव अगदी वेगळे. हॅडन हॉल बाराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत तुकड्यातुकड्यानं वाढत गेला. दोन चौक, त्यांच्या मधोमध चौदाव्या शतकातलं मोठं भोजनगृह, झिजलेल्या पायऱ्या, एकाही भिंतीचा दुसरीशी नीट मेळ नाही. आपल्या जुन्या वाड्यांना पिढ्यापिढ्यांनी खोल्या जोडाव्यात, तसं. पुढे सुमारे दोनशे वर्षं मालक तिथं राहिलेच नाहीत. त्यामुळे नव्या फॅशनची तोडफोडही टळली, हे नशीबच!

हार्डविक हॉल मात्र 1590 ते 1597 या सात वर्षांत एका दमात उभा राहिला. मालकीण बेस ऑफ हार्डविक, आराखडा बहुधा रॉबर्ट स्मिथसनचा. सहा मनोरे, काटेकोर सममिती आणि काच महाग असतानाच्या काळात खिडक्याच खिडक्या. वर जावं तशा त्या उंच होतात, कारण मानाची दालनं सगळ्यात वरच्या मजल्यावर. मनोऱ्यांच्या माथ्यावर बाईंची आद्याक्षरंही दगडात कोरलेली. ऐट म्हणावी तर ही!

थक्क व्हायचं तर हार्डविक. राहायला सांगितलं, तर मी हॅडनच निवडेन.