मार्कवॉन आणि देवनागरी : आठ महिने वापरल्यानंतर

देवगडात आमचा आंबा बागायतदारांचा एक गट आहे. त्यांच्यासाठी मी एक छोटं अँड्रॉइड ॲप चालवतो. त्यात मोहोराची काळजी, फवारणीचं वेळापत्रक, पेटीचे भाव असतात. मजकूर लिहितात आमचे एक काका. चाळीस वर्षं बागेत गेली आहेत त्यांची. तो मजकूर मथळे, ठळक अक्षरं, याद्या आणि तक्ते यांच्यासकट फोनवर नीट दिसावा, एवढंच माझं काम. गेल्या चतुर्थीला मी त्यासाठी मार्कवॉन ही लायब्ररी (ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) बसवली. आता मे संपत आला, म्हणजे अख्खा हंगाम तिच्यावर निघाला.

आधी वेबव्ह्यू होता, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणारी चौकट. दिसायचं चांगलं, पण यादीत एकाखाली एक सल्ले दाखवायचे तर प्रत्येकाची उंची लोड झाल्यावरच कळायची आणि वाचता वाचता पान खाली उडी मारायचं. डार्क मोडमध्ये उघडताना डोळ्यावर पांढरा झपकारा यायचा, तो वेगळाच. मग अँड्रॉइडचं स्वतःचं एचटीएमएल (वेबपानाची भाषा) टेक्स्टव्ह्यूत, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या चौकटीत, दाखवण्याचं फंक्शन वापरून पाहिलं. ठळक, तिरपं, लिंक यांना ते पुरतं. यादीचे बुलेट त्याला अँड्रॉइड ७ पासून समजतात, तक्ता मात्र अजिबात समजत नाही. टॅग गाळून टाकतं आणि रकान्यांतला मजकूर सलग चिकटवून देतं. औषधाचं नाव आणि प्रमाण एकमेकांना चिकटलेलं मला चालणार नव्हतं.

मार्कवॉन मार्कडाउन (साध्या खुणांनी मथळे, ठळक, याद्या लिहिण्याची पद्धत) वाचते आणि वेबव्ह्यू न वापरता थेट टेक्स्टव्ह्यूत मजकूर रंगवते. बागेत रेंज नसते, फोन साधे असतात. तिथे फरक पहिल्याच दिवशी जाणवला. सल्ला उघडला की लगेच दिसतो, स्क्रोल अडखळत नाही. या बाबतीत आठ महिन्यांत एकही तक्रार आली नाही.

तक्रार आली ती दुसरीच. पहिल्या आठवड्यात काकांचा फोन. "ह्या काय रे? सगळा एकाच वळीत इला हा. खयचा पयला, खयचा दुसरा, काय समजना नाय." त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे १. २. ३. असे मराठी आकडे घालून पाच पायऱ्या लिहिल्या होत्या. ॲपमध्ये त्या पाचही एकाच परिच्छेदात सलग आल्या. यात लायब्ररीची चूक नाही. मार्कडाउनची नियमावली म्हणजे कॉमनमार्क, आणि तिच्यात क्रमांकाची यादी फक्त इंग्रजी आकड्यांनीच सुरू होते. मराठी आकडा तिच्या लेखी साधं अक्षर. शिवाय एकदाच एंटर मारलं तर ती ओळ तोडत नाही, मध्ये नुसती मोकळी जागा सोडते. काकांना इंग्रजी आकडे लिहा म्हणून सांगणं मला पटलं नाही. मार्कवॉनमध्ये साध्या एंटरलाही नवी ओळ देणारं प्लगइन तयार आहे, ते लावलं. आणि ओळीच्या सुरुवातीला मराठी आकडा व टिंब दिसलं की मजकूर पार्सरकडे (खुणा वाचणाऱ्या भागाकडे) जाण्याआधीच तो आकडा बदलणारा छोटा तुकडा स्वतः लिहिला. स्क्रीनवर दाखवताना तो पुन्हा मराठीच करतो.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, तिथे दुसरी ठेच लागली. **तुडतुड्यां**साठी असं दोन-दोन चांदण्यांत (*) लिहिलं तर बरोबर ठळक होतं. पण अंडरस्कोर (_) वापरला तर तो शब्दाच्या मध्ये चालत नाही, तसाच्या तसा दिसतो. आणि ठळक भाग कंसाने संपत असेल आणि पुढे लगेच ‘चा’ किंवा ‘ला’ येत असेल, तर बंद करणाऱ्या चांदण्या नियमात बसत नाहीत आणि उघड्याच राहतात. **(हापूस)**चा हे लिहून बघा. मराठीत लिहिणाऱ्याला हे रोज लागतं, म्हणून काकांसाठी मी कीबोर्डच्या वर ‘ठळक’ असं बटणच दिलं. ते कंसापर्यंत न थांबता प्रत्ययासकट पूर्ण शब्द घेतं.

शोधाच्या वेळी सापडलेली अक्षरं ठळक करण्यात मात्र माझे दोन आठवडे गेले. कुणी ‘आंब’ टाइप करून शोधलं की ‘आंब्यावर’ या शब्दातली पहिली दोन अक्षरं ठळक व्हायची आणि ‘ब्या’ फुटायचा. पाय मोडायचं चिन्ह ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकायचं आणि पुढे सुटा ‘या’. शैली जिथे बदलते तिथे अक्षरजुळणी नव्याने सुरू होते, म्हणून जोडाक्षराच्या मध्ये रेघ पडली की ते मोडतंच. अक्षरांच्या सीमा अँड्रॉइडला विचारून पाहिल्या, पण देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाणात) २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या फोनवर तो कुठून असणार? शेवटी अख्खा शब्दच ठळक करतो. दिसायलाही तेच बरं वाटतं.

तिरपी अक्षरं मी बंदच केली. देवनागरीत ती नुसती वाकवलेली दिसतात, वयस्कर माणसाला त्रास होतो. मार्कवॉनमध्ये कुठल्या खुणेला कुठली शैली द्यायची ते आपल्या हातात असतं, म्हणून तिरप्याच्या जागी गडद तांबडा रंग दिला. मथळ्यांना ओळीची उंची मोकळी ठेवा. अँड्रॉइड ९ च्या आधीच्या फोनवर ‘वर्षी’सारख्या शब्दातला रफार आणि वेलांटी वरून कापली जातात.

तक्त्यांसाठी वेगळं मॉड्यूल घ्यावं लागतं. ते रकाने समान रुंदीचे करतं. चार रकाने आणि लहान स्क्रीन असली की ‘इमिडाक्लोप्रिड’ मध्येच तुटून खालच्या ओळीत जातं. औषधाच्या नावाचं असं झालेलं मला आवडत नाही. सध्या तक्ता वेगळ्या खऱ्या टेबलात काढून आडवा सरकवता येईल असा ठेवला आहे. काकांनी पडवीत बसून बोटाने सरकवून बघितला आणि म्हणाले, पयलो रकानो जाग्यार रवूक व्हयो, नायतर प्रमाण खयच्या औषधाचा ता समजना नाय. बरोबर आहे त्यांचं. पावसाळ्यात आता तेच काम धरलं आहे.