अलार्मला तीन जादा एलईडी: आठ महिन्यांनंतर

गाडीच्या अलार्मसोबत डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल एलईडी मिळतो, तो एकच. गाडीच्या मागून पाहिलं तर दिसत नाही, आणि लॉक केलं की नाही या शंकेने मी अर्ध्या वाटेतून परत फिरायचो. म्हणून दोन्ही बाजूंच्या, छत पेलणाऱ्या खांबांवर एकेक आणि मागच्या काचेशी एक असे तीन निळे एलईडी वाढवले. (खांबाच्या आवरणामागे एअरबॅग असेल तर तिथे हात घालू नका. माझ्या गाडीत नाही.)

पहिला प्रयत्न फसला. मूळ एलईडीच्याच वायरींना नवे समांतर जोडले. लाल लुकलुकतोय, निळे ढिम्म. लाल साधारण 2 व्होल्टवर पेटतो, निळ्याला 3 च्या आसपास लागतात. लाल पेटला की व्होल्टेज 2 वरच अडकतं, निळ्यांपर्यंत काही पोचत नाही. शिवाय अलार्मच्या मॉड्यूलचं ते आउटपुट एका एलईडीपुरतंच असतं, जास्त ओढलं तर मॉड्यूलच जायचं.

मग बीसी 547 ट्रान्झिस्टर घेतला, म्हणजे छोट्या करंटने चालणारा स्विच. मल्टिमीटरने पाहिलं तर लाल एलईडीला लुकलुकवणारी पल्स पॉझिटिव्ह वायरवर होती. ती 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला दिली, एमिटर अर्थला, नव्या एलईडींची निगेटिव्ह टोकं कलेक्टरला. एलईडींना वेगळ्या फ्यूजमधून 12 व्होल्ट, प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर. आधी 1 किलोओहम लावला होता, पण रात्री काचेत असा निळा चमकारा उठायचा की मलाच नको झाला. आता 4.7 किलोओहम आहे, म्हणजे एकेकाला जेमतेम 2 मिलिअँपिअर. भर उन्हात बाजूचे नीट दिसत नाहीत, तेवढं चालवून घेतो.

बॅटरीची भीती फुकट होती. तिन्ही न लुकलुकता दिवसभर जळले तरी 0.15 अँपिअर-तासाच्या आतच जातात. तीन आठवडे उभी असलेली गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली.

खरा त्रास ग्लू गनने दिला. उन्हाळ्यात बंद गाडीत तो गोंद मऊ पडला आणि मागचा एलईडी वायरीला लोंबकळताना सापडला. इन्सुलेशन टेपचे जोडही चिकट होऊन सुटत होते. आता प्लॅस्टिकचे होल्डर, सोल्डर आणि हीट श्रिंक (गरम केली की जोडावर आवळणारी नळी).

चोर घाबरतो का, ते मला सांगता येणार नाही. पण गेल्या महिन्यात लांबूनच दिसलं की दिवे लुकलुकत नाहीत, सरळ पेटलेत. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हापासून अलार्म व्हॅले मोडमध्येच (गाडी दुसऱ्याच्या हाती देताना अलार्म तात्पुरता बंद ठेवायची सोय) राहिला होता.